बिगर नंबरची गाडी: काटोलच्या पांदणीवरून आरटीओपर्यंत

काटोल तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत सध्या एक छोटा ट्रॅक्टर उभा आहे आणि त्याला एमएच ४० ची नंबरप्लेट आहे. एवढ्याशा गोष्टीला मला २०२५ चा फेब्रुवारी ते ऑक्टोबर लागला. मधल्या काळात एक क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारख्या हँडलची चारचाकी गाडी, घेतली, ती पकडली गेली, दंड भरला आणि तोट्यात विकली. त्यानंतर बाबांच्या आधार कार्डाच्या मागे लागले, तेव्हा कुठे हा ट्रॅक्टर आला. गावातले दोघे-तिघे आणि ऑफिसातली एक मैत्रीण मला अजूनही विचारतात, "ते क्वाड घ्यावं का? शेतात कामाला येतं ना?" प्रत्येकाला फोनवर तीच कथा सांगून थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी नागपुरात नोकरी करते आणि शनिवार-रविवार शेतावर जाते. बाबा ७४ वर्षांचे आहेत. शेत त्यांच्याच नावावर आहे, पण आता त्यांना बांधावरून फिरणंही जड जातं. शेत दोन तुकड्यांत आहे: चार एकर इकडे, तीन एकर तिकडे. मध्ये साधारण सव्वा किलोमीटरची पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, आणि तिच्या टोकाला तीनशे-चारशे मीटर डांबरी रस्ता. फवारणीची टाकी, खताची पोती, तोडणीच्या वेळचे क्रेट, सगळं या वाटेनं न्यावं लागतं. आमचे सालदार रामाजी हे काम बैलबंडीनं करायचे. बैल म्हातारा झाला, आणि भाड्याचा ट्रॅक्टर आपल्याला पाहिजे त्या दिवशी कधीच मोकळा नसतो, हे शेती करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीत एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विक्रीला निघालं. त्यात एक एटीव्ही, म्हणजे तेच क्वाड, होती. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागे-पुढे लोखंडी कॅरियर. क्लच नाही, अंगठ्यानं ॲक्सिलरेटर दाबला की निघाली. मला ती पाहताक्षणीच आवडली, आणि खरं सांगायचं तर तिथेच चूक झाली. किंमत १,६०,००० रुपये. मी विचारलं, "नोंदणीचं काय?" विकणारा म्हणाला, "मॅडम, हे शेतीचं वाहन, याला नंबर लागत नाही. आणि लागलाच तर आरटीओत करून मिळतो." या दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यानं जीएसटीचं बिल दिलं, आयातीच्या वेळच्या बिल ऑफ एंट्रीची पुसट झेरॉक्स दिली. एवढे शिक्के बघून मला वाटलं, कागद आहेत की सगळे.

गाडी टेम्पोतून शेतावर आली. रामाजींनी तिला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, गाडी तं भारी हाये. पन इच्यावर नंबर काहून नाई?"

"शेतीच्या गाडीला लागत नाही म्हणे."

"ट्रॅक्टरले तं लागते."

मी विषय बदलला.

दोन महिने मजेत गेले. मार्चमध्ये मृग बहाराची शेवटची तोडणी होती, तेव्हा तर गाडीनं बैलाचं आणि दोन माणसांचं काम केलं. १३ एप्रिल, रविवार. मागच्या कॅरियरला क्रेट बांधून मी इकडच्या बागेतून तिकडच्या बागेत चालले होते. पांदण संपवून डांबरी रस्त्याला लागले, तर पुढे नाकाबंदी. हवालदारानं हात दाखवला. आधी त्यानं गाडीचा मोबाईलवर फोटो काढला, तो बहुतेक स्वतःसाठीच असावा, कारण चेहऱ्यावर कौतुक होतं. मग म्हणाला, "मॅडम, आरसी दाखवा."

"आरसी नाहीये."

"विमा?"

"नाही."

"मग गाडी रस्त्यावर कशी आणली?"

मी रिसॉर्टवाल्याचं वाक्य त्याला ऐकवलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. साहेबांना बोलावलं. साहेबांनी शांतपणे समजावलं की नोंदणी नसलेलं वाहन चालवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी किमान दोन हजार आणि जास्तीत जास्त पाच हजार दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलं तर पाच ते दहा हजार, शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे. विमा नसल्याचे कलम १९६ खाली दोन हजार वेगळे. आणि कलम २०७ प्रमाणे गाडी अडकवून ठेवायचा अधिकारही पोलिसांना आहे. मला एकूण ४,००० रुपये दंड बसला. गाडी जप्त केली नाही, पण चालवत न्यायची नाही म्हणाले. काटोलहून छोटा हत्ती बोलावला, त्याचे १,२०० रुपये. चारशे मीटरसाठी. गाडीवर चढवताना बघायला अर्धं गाव गोळा झालं होतं, तो हिशेब वेगळाच.

त्या रात्री मला झोप आली नाही. दंडाचं एवढं नव्हतं. पण एखाद्या वेळी रामाजी चालवत असते आणि समोरून मोटारसायकल येऊन धडकली असती तर? विमा नाही, नोंदणी नाही. जखमी माणसाला द्यायची भरपाई थेट आमच्या सातबाऱ्यावर आली असती. हा विचार आधी का आला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२१ एप्रिलला रजा टाकून नागपूर ग्रामीणच्या आरटीओ कार्यालयात गेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नागपूर शहराचा नंबर एमएच ३१, पूर्व नागपूरचा एमएच ४९ आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांचा एमएच ४०. जाताना मी सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो नेले होते. चॅसी नंबरचा जवळून काढलेला फोटोही होता. हे एक काम मी नीट केलं, कारण गाडी न नेताही बोलणं पुढे सरकलं. दारातच एक एजंट भेटला. "करून देऊ ताई, पंचवीस हजार लागतील." कसं करणार, ते मात्र सांगेना. जे कसं करणार ते सांगता येत नाही, त्यासाठी पंचवीस हजार द्यायला मला भीती वाटली. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे कागद माझ्या गाडीला चिकटवले असते, असं नंतर एका ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलं.

दीड तासानं एका मोटार वाहन निरीक्षकांनी वेळ दिला. त्यांनी माझं बिल वाचलं, बिल ऑफ एंट्री उन्हाला धरून वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "फॉर्म २२ कुठे आहे?"

मला फॉर्म २२ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आता पाठ झालंय. नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०. विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१. आणि हे वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य आहे, नियमांप्रमाणे बनवलंय, असं बनवणाऱ्या कंपनीनं दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२. या फॉर्म २२ च्या मागे आणखी एक गोष्ट असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक उत्पादकाला किंवा आयातदाराला आपल्या वाहनाचा नमुना चाचणी संस्थेकडे द्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट आणि ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र अशा त्या संस्था. नागपूरहून भोपाळकडे जाताना इटारसीनंतर नर्मदा ओलांडली की लागतं तेच बुदनी. ब्रेक, दिवे, धूर, हॉर्न, सगळं तपासून त्या मॉडेलला मंजुरी मिळते. मग ते मॉडेल नोंदणीच्या सरकारी 'वाहन' प्रणालीच्या यादीत येतं आणि तेव्हा कुठे आरटीओच्या संगणकात तुमचा अर्ज पुढे जातो.

निरीक्षकांनी माझ्यासमोर यादीत शोधलं. माझ्या गाडीचा बनवणारा त्यात नव्हताच.

"सर, मला हायवेवर नाही न्यायची. फक्त पांदणीवर चालवते."

"पांदण तुमच्या मालकीची आहे?"

"नाही, गावाची आहे. सगळेच वापरतात."

"मग झालं की."

त्यांनी कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं. कलम २(३४): ज्या वाटेवर, रस्त्यावर किंवा जागेत लोकांना जायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा. डांबर आहे की चिखल, याला काही महत्त्व नाही. मी पांदणीला कायम 'आपलीच वाट' म्हणत आले होते. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो तेव्हा सरकारला तिची आठवण नसते, आणि माझी गाडी तिच्यावर गेली की ती सरकारी, असा एक कडवट विचार मनात येऊन गेला. पण निरीक्षकांचं म्हणणं चूक नव्हतं.

बाहेर आवारात एक जेसीबी उभा होता. मी जरा चिडून विचारलं, "हा कसा चालतो मग रस्त्यावर?" त्यांनी तेही समजावलं, आणि मला वाटतं त्या दिवशी मिळालेलं सगळ्यात उपयोगी ज्ञान तेच होतं. जेसीबीसारख्या यंत्रांना नियमांत 'बांधकाम उपकरण वाहन' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. त्यांचं मुख्य काम रस्त्याबाहेरचं, रस्त्यावर येणं जाता-जाता, थोड्या वेळापुरतं, ताशी ५० किलोमीटरच्या आत. 'शेती ट्रॅक्टर' हीसुद्धा अशीच स्वतंत्र व्याख्या आहे: अवजारं जोडून शेतातली कामं करायला किंवा ट्रॉली ओढून शेतमाल न्यायला बनवलेलं चारचाकी वाहन, आणि ते बिगर-परिवहन वाहनांत मोडतं. म्हणजे रस्त्याबाहेरच्या यंत्रांना कायदा दार उघडतो, पण प्रत्येकाला त्याच्या नावाचं दार लागतं. माझ्या एटीव्हीच्या नावाचं दारच नव्हतं.

"एक एटीव्ही आली होती ना मधे नंबरवाली?" शेजारच्या टेबलावरचे एक जण म्हणाले. घरी येऊन शोधलं. खरं होतं. पोलारिस कंपनीनं २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० नावाची एटीव्ही भारतात 'ट्रॅक्टर' म्हणून मंजूर करून घेऊन रस्त्यावर चालेल अशी विकायला आणली होती, किंमत ७.९९ लाखांच्या आसपास. आठ लाखांत आमच्याकडे मोठा ट्रॅक्टर येतो. पण गंमत बघा, एटीव्हीला रस्त्यावर यायला ट्रॅक्टरच व्हावं लागलं.

तरी मी मेमध्ये एक शेवटचा प्रयत्न केला. एका चाचणी संस्थेला ई-मेल केला की माझ्या एकाच गाडीची चाचणी करून द्याल का, खर्च मी करते. अकरा दिवसांनी सभ्य उत्तर आलं: अर्ज उत्पादकानं किंवा आयातदारानं करायचा असतो. आयातदार रिसॉर्टवाल्याच्या आधीचा कुणीतरी होता आणि बिल ऑफ एंट्रीवरच्या त्याच्या नंबरावर फोन लागत नव्हता. तो धागा तिथेच संपला. रिसॉर्टवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "मी कुठे म्हटलं रस्त्यावर चालवा?" मी त्या वेळी काहीही लिहून घेतलं नव्हतं.

याच दरम्यान इंग्लंडमधल्या भाच्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, "मावशी, इथे तर मेंढ्या राखणारे क्वाडवरूनच फिरतात, रस्त्यावरसुद्धा." विचारपूस केल्यावर कळलं की तिथेही तशीच सोडलेली नाहीत. एकच सीट, हजार किलोंच्या आतलं वजन, शेतीसाठीच वापर असेल तर 'हलकं शेती वाहन' म्हणून त्याची नोंदणी होते, मागे नंबर लागतो. आपल्याकडे असा वर्ग केला तर माझ्यासारख्या सात एकरवाल्यांची सोय होईल, असं मला मनापासून वाटतं. पण तो होईपर्यंत पांदणीवर ही गाडी चालवायची नाही, हे मी ठरवून टाकलं.

मग कुंपणाच्या आत तरी चालते का? यावर मी वकील मैत्रिणीचा एक तास खाल्ला. कलम ३९ तर 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठेही' नोंदणीशिवाय वाहन चालवू नये असं म्हणतं. सूट आहे ती कलम २(२८) च्या शेवटाला: केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेलं खास प्रकारचं वाहन हे 'मोटार वाहन' या व्याख्येतच येत नाही. मैत्रीण म्हणाली, "चार एकराला तारेचं कुंपण आहे ना? गेटला कुलूप लाव, गाडी आतच ठेव, बाहेरच्या माणसाला बसवू नको. आणि हा सल्ला आहे, हमी नाही." पुढे २९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या वाहनांना मोटार वाहन कर लागू नाही असा. तिनं मला तो लगेच पाठवला. तोवर गाडी माझ्याकडे राहिलेली नव्हती.

कारण जून-जुलैत कुंपणाच्या आत ती चालवून पाहिली आणि कळलं की आमचं खरं काम त्या सव्वा किलोमीटरचंच आहे. पाऊस सुरू झाल्यावर रामाजी पुन्हा भाड्याच्या ट्रॅक्टरच्या मागे लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका कृषी पर्यटनवाल्यानं ती १,०५,००० ला घेतली. विकताना मी मात्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि घेतलं: या वाहनाची नोंदणी झालेली नाही आणि ती होऊ शकत नाही, बंदिस्त आवारातच वापरायचं, हे घेणाऱ्याला माहीत आहे. तो म्हणाला, "एवढं कशाला?" मी म्हटलं, मला कुणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. पंचावन्न हजारांचा खड्डा, चार हजार दंड, टेम्पोची दोन-तीन भाडी. यात बुडालेल्या रजा धरलेल्या नाहीत.

आता ट्रॅक्टर. झाडांच्या दोन ओळींत अठरा फूट अंतर असलं तरी फांद्या खाली आलेल्या असतात, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत घातला की फळं झडतात. म्हणून २० एचपीच्या आसपासचा, चार फुटांहून कमी रुंदीचा मिनी ट्रॅक्टर बघायचं ठरलं. ऑगस्टअखेर कोटेशन घेतली. ३ सप्टेंबरच्या रात्री बातमी आली की ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार. शोरूमवाला त्याच आठवड्यात बुकिंगची घाई करत होता. मी बुकिंग केलं, पण बिल २२ नंतरच्या तारखेचं हवं असं पावतीवर लिहून घेतलं. जवळपास पंचवीस हजार वाचले. बिलावर कराचा दर स्वतः वाचा, बिल हातात देणाऱ्यावर सोडू नका.

अनुदानाबद्दल लोक विचारतात. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि पूर्वसंमती हातात पडल्यावरच खरेदी करायची असते. आधी ट्रॅक्टर घेऊन नंतर अर्ज केला तर उपयोग नाही. मला अंबिया बहाराची तोडणी समोर दिसत होती, ऑक्टोबर उजाडत होता, म्हणून मी तो मार्ग सोडला. तुमच्या हातात वर्षभर असेल तर सोडू नका.

कागदांची खरी कसरत इथून सुरू झाली. नोंद शेतीच्या वापरासाठी करायची म्हणून शोरूमनं सातबारा मागितला. सातबारा बाबांच्या नावावर. मी ट्रॅक्टर माझ्या नावावर घ्यायला निघाले होते, माझा पत्ता शहरातला, म्हणजे नंबरही एमएच ३१ चा पडला असता. मग सगळंच बाबांच्या नावावर करायचं ठरलं. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत निघाला, आठ-अ पण काढून ठेवला. पण बाबांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर सात वर्षांपूर्वी बंद पडलेला. ओटीपी येणार कुठे? त्यांना घेऊन काटोलला आधार केंद्रावर गेले. तिथे तेव्हा ५० रुपये शुल्क होतं आणि तीन तास रांग. बाबांच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर माती आणि फवारणीची औषधं हाताळलेली बोटं. केंद्रातल्या मुलीनं ओल्या रुमालानं बोटं पुसायला लावली, पाच वेळा दाबून घेतली, शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. बाबा मला म्हणाले, "ट्रॅक्टर घेतोय का पासपोर्ट?" सहाव्या दिवशी नवा नंबर जोडला गेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावर काहीही घ्यायचं असेल तर पहिलं हे काम उरका. त्यानंतर पॅन, फोटो, सह्या हे एका दुपारी झालं.

शोरूमच्या हिशेबात नोंदणी, विमा, नंबरप्लेट यांच्या खाली 'फाइल चार्ज ३,५००' अशी एक ओळ होती. पावती कुणाच्या नावानं मिळेल एवढंच विचारलं. ती ओळ गेली.

२ ऑक्टोबर, दसरा. नागपुरात त्या दिवशी दीक्षाभूमीकडे निघालेली माणसं पहाटेपासून रस्त्यावर असतात, त्यामुळे आम्ही सहालाच घर सोडलं. शोरूममध्ये झुंबड. हार, लिंबू, नारळ, प्रत्येक ट्रॅक्टरपुढे एक कुटुंब. आमची पूजा झाली, आईनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, बाबांनी स्टीअरिंगवर हात ठेवला. मग सेल्समन म्हणाला, "न्या घेऊन. नंबर येईल चार-पाच दिवसांत, सगळेच नेतात." खरंच सगळे नेत होते. मुहूर्ताचा ट्रॅक्टर शोरूममध्ये ठेवून घरी परत जाणं म्हणजे नवरी माहेरी सोडून वरात परतल्यासारखं, असं आई पुटपुटली. मला नाकाबंदीवरचा तो टेम्पो आठवत होता. मी म्हटलं, नंबरप्लेट लागल्याशिवाय ट्रॅक्टर इथून हलणार नाही. आम्ही तिघं एकमेकांना आपट्याची पानं देऊन कारनं घरी आलो. गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

सेल्समनचे चार-पाच दिवस म्हणजे आठ झाले. सणाच्या खरेदीमुळे अर्ज साचले होते. ६ तारखेला मेसेज आला की वडिलांचं नाव सातबाऱ्यावर एक आणि आधारवर एक आहे. सातबाऱ्यावर मधल्या नावात 'राव' होतं, आधारवर नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, त्यात एक दिवस गेला. १० ऑक्टोबरला, शुक्रवारी, नंबर आला, प्लेट बसली. मी त्याच दुपारी अर्धी रजा टाकली.

लायसन्सबद्दल एक शंका मलाही होती. एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ७,५०० किलोंपर्यंतचा ट्रॅक्टर येतोच, त्यामुळे माझं कारचं लायसन्स चाललं. रामाजींकडे मात्र फक्त दुचाकीचं होतं. त्यांचं शिकाऊ लायसन्स काढलं आहे, पक्कं होईपर्यंत रस्त्यावरचा भाग मी किंवा शेजारचा मुलगा चालवतो आणि कुंपणाच्या आत रामाजी. ट्रॅक्टरला सीट एकच असते. बाबांना मडगार्डवर बसून शेतात जायची चाळीस वर्षांची सवय, भाड्याच्या ट्रॅक्टरवर ते तसेच जायचे. त्यांना मी नाही म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत. आता ते कारनं बांधापर्यंत येतात आणि माझ्या क्लच सोडण्याला नावं ठेवतात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून पांदणीत घातला. नाकाबंदी नव्हती. थोडं वाईटच वाटलं, कारण आरसी, विमा, सगळं मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तयार ठेवलं होतं.

आता ट्रॉली राहिली आहे. कायद्यात ट्रॉलीसुद्धा 'मोटार वाहन' शब्दात येते, तिची नोंदणी वेगळी, तिचा उल्लेख विम्यातही हवा. नागपूरच्या कळमना बाजारात माल नेण्याआधी ती करायची म्हणून गेल्या रविवारी एका ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेले. माप सांगितलं, मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी पाहिजे म्हणाले. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि पेन कानावर ठेवून विचारलं, "ताई, नंबरवाली पायजे का बिगर नंबरची? बिगर नंबरची सस्ती पडते. सारेच तेच नेते."

नंबरवालीचं कोटेशन मागितलं आहे. अजून आलेलं नाही.